बंदुकीचे दोन आवाज

एन.सी.सी.च्या शिबिराहून परतलेल्या छात्रांना विचारून पाहा : बंदूक झाडली की जो आवाज होतो, तो कशाचा? कोणी म्हणेल, ‘दारूचा’. कोणी म्हणेल, ‘गोळीचा’. गंमत अशी की दोघेही बरोबर आहेत, कारण आवाज दोन असतात.

नागपूरजवळच्या कामठीला एन.सी.सी.ची अधिकारी प्रशिक्षण अकादमी आहे. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकच तेथे एन.सी.सी. अधिकारी होण्यासाठी जातात. तेव्हा आपल्या वाचकांपैकी काहींनी हे दोन आवाज ऐकलेही असतील. समजा, ७.६२ मि.मी. रायफलीचा सराव चालू आहे आणि आपण ३०० मीटरवर, निशाणांखालच्या खंदकात सुरक्षित बसलो आहोत. गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने निघते. वाटेत हवेच्या विरोधामुळे थोडी मंदावूनही ती ०.४ सेकंदात डोक्यावरून जाते. ध्वनीला तेच अंतर कापायला सुमारे ०.८६ सेकंद लागतात. म्हणून आधी डोक्यावर ‘कडाक्’ असा कोरडा आवाज होतो आणि जवळजवळ अर्ध्या सेकंदाने दुरून ‘धुम्म’ ऐकू येते. या दोहोंमधल्या वेळावरून बंदूकधारी किती दूर असेल, याचा अंदाज सैनिक बांधतात. नववी-दहावीच्या वर्गाला गणित म्हणून घालावे असे हे उदाहरण आहे.

‘धुम्म’ हा नळीच्या तोंडाचा आवाज. दारू जळून झालेला वायू प्रचंड दाबाखाली गोळीच्या मागे कोंडलेला असतो. गोळी म्हणजे त्याचे बूच. ते निघाले की वायू एकदम बाहेर फुटतो. कागदी पिशवी फुगवून फोडली तर हेच, अगदी लहान प्रमाणात, घडते.

‘कडाक्’ मात्र गोळीचा स्वतःचा. ध्वनीहून वेगाने जाणाऱ्या वस्तूपुढून हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. हवा दाबली जाते आणि गोळीच्या टोकापासून मागे शंकूच्या आकाराचा आघात-तरंग पसरतो. फुटाळा तलावात होडीमागे पाण्यावर उमटणारी पाचर डोळ्यांसमोर आणावी, उपमा तंतोतंत नसली तरी. पोतराजाचा आसूड कडाडतो तोही असाच, कारण आसुडाच्या टोकाचा वेग क्षणभर ध्वनीहून अधिक होतो. अर्न्स्ट माख यांनी गोळीच्या या तरंगाचे छायाचित्र घेण्याचा प्रयत्न प्रथम केला तेव्हा चित्रात तरंग उमटलाच नाही. गोळी ध्वनीहून मंद होती! पुढे १८८६ साली पेटर साल्खर यांनी माख यांच्या सूचनेवरून अधिक वेगवान गोळ्या वापरल्या आणि तरंग दिसला.

मग गोळीच मंद ठेवली तर? अशा काडतुसांना सबसॉनिक म्हणतात. ती काही दुर्मिळ वस्तू नव्हे. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या .२२ रायफलीच्या स्पर्धांत ध्वनीहून मंद गोळ्याच पसंत केल्या जातात. कारण आवाज नव्हे, अचूकता. ध्वनीच्या वेगाच्या आसपास गोळीवरचा हवेचा विरोध झपाट्याने वाढतो आणि वाऱ्याने ती अधिक भरकटते.

येथे नागपूरच्या हवेची एक मौज आहे. हवेतील ध्वनीचा वेग काढण्याचे आपले नेहमीचे सूत्र ३३१ + ०.६ × तापमान असे आहे. जानेवारीतल्या पहाटे १० अंशांना तो ३३७ मीटर येतो, तर मे महिन्यातल्या ४५ अंशांना ३५८. सेकंदाला ३४५ मीटर वेगाची गोळी थंडीत पहिले काही मीटर स्वनातीत असेल आणि उन्हाळ्यात मुळीच नसेल. (उन्हात तापलेली दारू गोळीला थोडा जास्त वेग देते, हा हिशेब येथे सोडला आहे.)

आता खरा प्रश्न. सबसॉनिक गोळी वापरली आणि नळीला आवाज दाबणारे काही लावलेले नसले, तर कानाला कितपत दिलासा मिळतो? ‘कडाक्’ जाते, ‘धुम्म’ राहते. शिवाय आघात-तरंगाचा शंकू पुढे आणि बाजूला पसरतो. बंदूक झाडणाऱ्याच्या कानावर तो थेट येतच नाही, आला तर मातीच्या भरावावरून वा भिंतीवरून परतून येतो. म्हणजे जो आवाज कमी झाला तो मुख्यतः पुढच्यांचा. झाडणाऱ्याच्या आणि शेजारी पालथे पडलेल्या छात्राच्या कानाला नळीच्या तोंडाचा धक्का बसतोच. त्यात दारू कमी असल्यास आणि नळी लांब असल्यास थोडी सूट मिळते, इतकेच. लांब नळीत वायूला पसरायला जागा मिळून गोळी बाहेर पडेपर्यंत दाब उतरलेला असतो. तीच काडतुसे आखूड नळीच्या पिस्तुलात अधिक मोठ्याने वाजतात ती यामुळेच.

.२२ ला ‘पोरांची बंदूक’ समजण्याची चूक आपण शिक्षकच करतो. तिची शिखर पातळी १४० डेसिबलच्या आसपास जाऊ शकते. मोठ्या रायफलीची १६० च्या घरात असते. कारखान्यांच्या नियमांत १४० डेसिबलहून अधिक शिखर पातळीच्या आघाती आवाजाला मुळीच परवानगी नाही. ६० डेसिबलच्या संभाषणाशी तुलना केली तर १४० डेसिबलला हवेचा दाब दहा हजार पट चढउतार करतो.

‘एवढे काही जाणवले नाही, कान जरा वाजला,’ असे मुले सांगतात. न जाणवण्याचे कारण आवाजाचा अल्प अवधी. तो काही मिलिसेकंदांत संपतो. मोठ्या आवाजाला मध्यकर्णातील एक चिमुकला स्नायू आकसून बचाव करतो, पण त्याला आकसायलाच काही दशांश मिलिसेकंद नव्हे, काही दशक मिलिसेकंद लागतात. पहारेकरी जागा होईपर्यंत चोर जाऊन आलेला असतो. आतल्या शंखातील सूक्ष्म केसपेशी मोडल्या तर माणसात त्या पुन्हा येत नाहीत. बहुधा उच्च स्वरांची श्रवणशक्ती आधी जाते, आणि बोलणे ऐकू येतच असल्याने ते कोणाच्या लक्षात येत नाही. कानातली शिट्टी दुसऱ्या दिवशी थांबली म्हणजे सारे पूर्ववत झाले, असेही नाही.

कापसाचा बोळा फारसा उपयोगाचा नाही, त्यातून हवा आणि ध्वनी सहज जातात. फोमचे बोळे बारीक वळून, कान वर-मागे ओढून आत सारले आणि फुगेपर्यंत बोटाने धरले, तर २५ डेसिबलपर्यंत बचाव होऊ शकतो. म्हणजे दाब सुमारे अठरावा हिस्सा उरतो. अर्धवट खोचलेल्या बोळ्याने त्याच्या पासंगालाही पुरत नाही. बंदिस्त रेंजमध्ये भिंती आवाज परत फेकतात, म्हणून तेथे बोळ्यांवर कर्णकवचही घालावे. उस्तादांचे हुकूम मग नीट ऐकू येत नाहीत, ही तक्रार खरी आहे. त्यासाठी हाताच्या खुणा आधी ठरवून घ्याव्यात. आणि रांगेमागे आपल्या पाळीची वाट पाहत बसलेल्या मुलांनाही बोळे द्यावेत, त्यांच्या कानांवर तर प्रत्येकाची गोळी वाजत असते.