चॉकलेट, चिक

(१९१६–मे १९६७). मुंबईतील जॅझ संगीताच्या बहराच्या काळातील गोमंतकीय ट्रंपेटवादक व वृंदप्रमुख. मूळ नाव अँतोनियो झेव्हियर वाझ. त्यांचा जन्म गोव्यातील हळदोणा येथे झाला. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन व व्हायोलिनवादन शिकविले जाई. या शिक्षणामुळेच गोमंतकीय वादकांना मुंबईतील हॉटेले, नृत्यगृहे व पुढे चित्रपटसृष्टी यांत सहज शिरकाव मिळाला.

१९३५ मध्ये लिऑन ॲबे या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा वृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यानंतर ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ व पियानोवादक टेडी वेदरफोर्ड हेही तेथे आले. त्यांच्या सहवासात स्थानिक वादकांना जॅझचे प्रत्यक्ष धडे मिळाले. केवळ ध्वनिमुद्रिका ऐकून ते मिळाले नसते. चिक यांचा आदर्श मात्र लुई आर्मस्ट्राँग हा होता आणि ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ अशीच त्यांची ख्याती झाली. ‘चिक अँड द म्यूझिक मेकर्स’ हा त्यांचा अकरा वादकांचा वृंद १९४० नंतरच्या दशकात ताजमध्ये वाजवीत असे.

ट्रंपेटवादकाच्या नेतृत्वाखालील जॅझवृंदात साधारणतः आरंभी सर्वजण मिळून मूळ धून मांडतात. नंतर तिच्या स्वरसंघातांच्या क्रमावर एकेक वादक उत्स्फूर्त विस्तार करतो व अखेरीस सर्वजण पुन्हा धुनेवर येतात. पियानो, बास व ड्रम ही वाद्ये लय सांभाळतात. ख्यालगायनातील बंदिश व तिची बढत यांच्याशी या रचनेचे साम्य दिसते. पण येथे रागाऐवजी स्वरसंघातांचे बंधन असते, हा भेद मूलभूत आहे. बीबॉपच्या उदयानंतरही ही जुनी, नृत्यानुकूल शैली जपणाऱ्या वादनास १९५० नंतरच्या दशकात समीक्षक स्टॅन्ली डान्स याने ‘मुख्य प्रवाही’ अशी संज्ञा दिली. बक क्लेटन या ट्रंपेटवादकाच्या त्या दशकातील दीर्घ ध्वनिमुद्रिका हे तिचे उत्तम उदाहरण होय.

चिक यांच्या वाट्याला असा प्रशस्त अवकाश आला नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटेच मुद्रण होई. त्यात धून मांडल्यावर विस्ताराला थोडकीच आवर्तने उरत. ‘कॉन्टेसा’ ही त्यांची रचना अशाच तबकडीवर उपलब्ध आहे. तीवरून त्यांच्या रात्रीच्या वादनाचा अंदाज बांधणे म्हणजे मैफलीचा अंदाज तीन मिनिटांच्या तबकडीवरून बांधण्यासारखेच आहे.

इंग्रज अधिकारी व संस्थानिक हा आश्रयदाता वर्ग १९४७ नंतर ओसरला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने नृत्यगृहांचे उत्पन्नही घटले. वादक चित्रपटांकडे वळले. चिक यांनी सी. रामचंद्र यांच्याकडे काम केले; भगवान यांच्या अलबेला (१९५१) या चित्रपटात ते आपल्या वृंदासह पडद्यावरही दिसतात. नादान (१९५१) या चित्रपटाचे संगीत त्यांनी स्वतंत्रपणे दिले. तथापि बहुतेक वादकांच्या वाट्याला असे श्रेय आले नाही. संगीतकार चाल सांगे. वाद्यमेळाची आखणी, स्वरलेखन व गीतामधील वाद्यखंड यांत अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांसारख्या गोमंतकीयांचा मोठा वाटा असे. तबकडीवर मात्र संगीतकार व गायक यांचीच नावे छापली जात. त्यामुळे एखाद्या गीतातील ट्रंपेट कोणाचा, हे आज अनेकदा कानांनीच ठरवावे लागते. नरेश फर्नांडिस यांच्या ताज महल फॉक्सट्रॉट (२०१२) या इंग्रजी ग्रंथाने या विस्मृत वादकांचा इतिहास प्रथमच विस्ताराने मांडला.

चेतन आनंद यांच्या आखरी खत (१९६६) या चित्रपटातील खय्याम यांनी संगीत दिलेल्या ‘रुत जवाँ जवाँ’ या गीतात चिक स्वतः ट्रंपेट वाजविताना दिसतात. त्यानंतर वर्षभरातच त्यांचे निधन झाले.