मैलापाणी काय सांगते?

एखाद्या शहरात पोलिओचा एकही रुग्ण नाही. मग तेथे पोलिओचा विषाणूही नाही, असे म्हणता येईल का? नाही. लागण झालेल्या सुमारे 200 जणांपैकी एखाद्यालाच लुळेपणा येतो. बाकीच्यांच्या विष्ठेतूनही विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो आणि मैलापाण्यात मिसळतो. म्हणूनच मुंबईत 2001 पासून मैलापाण्याचे नमुने तपासले जात आहेत. नमुन्यातील विषाणू प्रयोगशाळेत पेशींवर वाढवून ओळखतात.

याचा उपयोग काय? 2022 मध्ये लंडनच्या मैलापाण्यात लशीतील विषाणूपासून उद्भवलेला पोलिओ विषाणू सापडला. तेथे एकालाही लुळेपणा आलेला नव्हता. तरीही 1 ते 9 वर्षांच्या मुलांना लशीची जादा मात्रा देऊ करण्यात आली. पहिल्या रुग्णाची वाट पाहावी लागली नाही.