जास्त ऊर्जा कोण जाळतं – वानर की माणूस?

सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूरच्या उत्तरेकडच्या गावांत वानरांची टोळी हरभऱ्यात उतरली की राखणदाराची तारांबळ उडते. गोफण सुटेपर्यंत हुप्प्या बांधावरच्या चिंचेवर पोचलेला असतो. ही चपळाई पाहून एक समज पक्का होतो: वानर-माकडं माणसापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा जाळतात, आणि माणूस म्हणजे शक्ती वाचवायला शिकलेला प्राणी. मोजमाप नेमकं उलट सांगतं.

हे मोजायची पद्धत मोठी सुरेख आहे. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं, शरीराला काहीही अपाय न करणारं पाणी प्यायला देतात आणि पुढचे काही दिवस लघवीचे नमुने तपासतात. ऑक्सिजन पाण्यावाटे आणि श्वासावाटेही बाहेर पडतो, हायड्रोजन फक्त पाण्यावाटे. दोघांच्या घटण्यातल्या फरकावरून शरीराने किती कार्बन डायऑक्साइड सोडला आणि किती उष्मांक खर्चले, ते कळतं. ना तोंडाला मुखवटा, ना खोलीत कोंडून ठेवणं.

हर्मन पाँट्झर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाच्या गटाने २०१४ मध्ये १७ जातींच्या नरवानरांची (माकडं, कपी यांच्या गणातल्या प्राण्यांची) अशी आकडेवारी मांडली. तेवढ्याच वजनाच्या इतर सस्तन प्राण्यांच्या तुलनेत नरवानर निम्मीच ऊर्जा वापरतात, असं त्यातून दिसलं. पिंजऱ्यातले आणि रानातले, दोघांचा खर्चही जवळपास सारखाच निघाला. थोडक्यात, उड्या दिसतात तेवढ्या महागात पडत नाहीत. शरीराचा बराचसा खर्च न दिसणाऱ्या कामांवर होतो: पेशींची डागडुजी, वाढ, प्रजनन. नरवानरांनी तिथेच हात आखडता घेतला. दारातली शेळी पाच महिन्यांत विते, अनेकदा जुळी देते आणि तिची करडं वर्षभरात मोठी होतात. वानरी साधारण साडेसहा महिने गाभण राहते, एकच पिल्लू देते आणि त्या पिल्लाला स्वतः आई व्हायला काही वर्षं लागतात. कमी खर्च, संथ वाढ, लांब आयुष्य.

मग माणूसही असाच काटकसरी? नाही, आणि इथेच खरी गंमत आहे. २०१६ मध्ये याच गटाने माणूस आणि मोठे कपी यांची तुलना केली. वजनाचा फरक हिशेबात धरूनही माणूस चिंपांझी आणि बोनोबोपेक्षा दिवसाला ४०० उष्मांक जास्त जाळतो, गोरिलापेक्षा ६३५, ओरांगउटानपेक्षा ८२०. आपण या कुळातले सर्वांत खर्चिक आहोत. एकट्या मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण विश्रांतीतल्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा तो खातो.

हा खर्च परवडला कसा? चालण्यात आपण बचत केली. दोन पायांवर चालताना माणसाला चिंपांझीच्या चालीच्या साधारण पाव भागच ऊर्जा लागते. चिंपांझीचे दिवसातले सहाएक तास नुसते चावण्यात जातात. भाजलेली भाकर, शिजलेली डाळ यांतून मात्र माणसाला कमी चावून जास्त ऊर्जा मिळते. अंगावरची चरबी ही वाईट दिवसांची तरतूद. आयतं खाणाऱ्या पिंजऱ्यातल्या चिंपांझीच्या अंगावरही माणसाइतकी चरबी चढत नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे वाटून खाणं. एकाला काही मिळालं नाही तरी दुसऱ्याच्या टोपल्यातून त्याचं पोट भरतं. कपींत हे फारसं घडत नाही.

आता ज्या गैरसमजाने नुकसान होतं, तो पाहू. टांझानियातल्या हाड्झा या शिकारी-संकलक लोकांत पुरुष रोज सुमारे ११ किलोमीटर चालतात. तरी २०१२ च्या अभ्यासात त्यांचा एकूण दैनंदिन खर्च, वजनाचा हिशेब करता, शहरी अमेरिकी माणसाइतकाच निघाला. शरीर कष्टाची भरपाई दुसरीकडे कपात करून काही अंशी करतं. म्हणजे व्यायामाने वजन फार उतरत नाही, एवढं यातून म्हणता येतं. कष्टकऱ्याला जास्त अन्न लागत नाही, असं मात्र मुळीच म्हणता येत नाही. ही कपात फुकट होत नाही. अन्न अपुरं असेल तर ती वाढीवर आणि आजाराशी लढण्याच्या ताकदीवर येऊ शकते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत बैठं काम करणाऱ्या पुरुषाला २११० उष्मांक, तर अवजड काम करणाऱ्याला ३४७० सांगितले आहेत. कापूस वेचून, डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या गरोदर बाईला तिच्या कामाच्या गरजेवर आणखी ३५० लागतात.

चाळिशीत चयापचय मंदावतं, हेही खरं नाही. २९ देशांतल्या ६४०० हून अधिक लोकांच्या मोजमापांत (२०२१) विशीपासून साठीपर्यंत हा वेग स्थिर आढळला. सुटलेल्या पोटाचं कारण ताटात, झोपेत आणि दिनक्रमात शोधायला हवं.

मेंदू एवढा खर्चिक असला, तरी मोठ्या माणसाने डोकं चालवलं म्हणून खर्चात फारसा फरक पडत नाही. पाचएक वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी. त्या वयात शरीर दिवसभरात जेवढी ऊर्जा वापरतं, तिच्यातली चाळीस टक्क्यांहून अधिक एकटा मेंदू घेतो. उंची-वजनाची वाढ नेमकी त्याच काळात सर्वांत संथ असते. ‘पोरगं एवढंसं आहे, अर्धी भाकर पुरे’ हा हिशेब म्हणून चुकतो.

शिरपूर तालुक्यातली पावरा-भिल्ल वस्तीची अनेक गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. अशा क्षेत्रासाठी राज्यात २०१५ पासून अमृत आहार योजना आहे: गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसाचं एक पूर्ण जेवण, आणि नंतर जोडलेल्या टप्प्यात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना अंडं किंवा केळी. आपल्या पाड्यावरच्या अंगणवाडीत ते अंडं मुलाच्या हातात खरोखर पडतंय का, हे आईबापांनी आणि ग्रामसभेने दर आठवड्याला जाऊन पाहावं.