दोराने ओढलेली रिक्षा

पूर्वी वाटेत बैलगाडीचा कणा मोडला, तर गाडीवान बैल सोडून झाडाखाली बांधी आणि सुताराच्या शोधात निघे. गाडी तेथेच पडून राहिली तरी कोणाचे फारसे अडत नसे. यंत्रावर चालणाऱ्या वाहनाची गोष्ट निराळी. ते बंद पडले म्हणजे रस्ता अडवते, आणि त्याला दुरुस्तीच्या ठिकाणी नेल्यावाचून गत्यंतर नसते. अशा वेळी दुसऱ्या वाहनामागे दोर बांधून ते ओढत नेतात. ही क्रिया दिसायला सोपी आहे. मलाही ती तशीच वाटत असे.

२००९ सालच्या जून महिन्यात मी सासवडहून हडपसरकडे रिक्षाने निघालो होतो. दिवस मावळतीला आला होता. सासवड सोडून थोडे अंतर गेलो असू, तोच रिक्षाचे इंजिन बंद पडले. चालक विशीतला तरुण होता. त्याने नाना खटपटी केल्या, पण इंजिन चालू होईना. एवढ्यात मागून भाजीचा रिकामा टेंपो आला. त्याचा चालक पिकल्या केसांचा, सावकाश बोलणारा गृहस्थ होता. त्याने रिक्षा ओढून नेण्याचे कबूल केले, मात्र आधी तरुणाला विचारले, "पोरा, लायसन आहे ना तुझ्याकडं?"

मला या प्रश्नाचे नवल वाटले. ज्या गाडीचे इंजिनच बंद आहे, तिच्या चालकाला परवाना कशासाठी हवा? परंतु हा प्रश्न अगदी योग्य होता. ओढल्या जाणाऱ्या गाडीला चाल दुसऱ्याची असली, तरी दिशा आणि थांबणे ही तिची तिलाच सांभाळावी लागतात. म्हणूनच मागच्या गाडीत परवानाधारक चालक बसला पाहिजे, असा आपल्या देशातील वाहतुकीचा नियम आहे.

तरुणाने आसनाखालून एक बारीक सुतळीवजा दोरी काढली. टेंपोवाल्याने ती बाजूला ठेवून स्वतःचा जाड नायलॉनचा दोर आणला. रिकामी रिक्षा सुमारे साडेतीनशे ते चारशे किलोग्रॅम वजनाची असते. गुळगुळीत रस्त्यावर तिला सावकाश ओढण्यास फार बळ लागत नाही, हे खरे. पण दोर ढिला पडून एकदम ताणला गेला की जो हिसका बसतो, तो साध्या ओढीच्या कित्येक पट जोराचा असतो. लोखंडी साखळी मुळीच ताणत नाही, त्यामुळे तिचा हिसका सर्वांत कठोर. नायलॉन थोडा लांबतो आणि हिसका पोटात घेतो. परंतु तो तुटला तर गोफणीसारखा उसळून मागच्या चालकाच्या तोंडावर येऊ शकतो. याकरिता टेंपोवाल्याने दोराच्या मध्यावर एक ओले पोते टाकले. दोर तुटलाच, तर पोत्याच्या वजनाने तो खाली पडावा, ही त्यातील योजना. पोत्याशेजारी त्याने एक तांबडे फडके बांधले, म्हणजे दोन गाड्यांच्या मधून कोणी रस्ता ओलांडू पाहणार नाही.

रिक्षाचा दोर त्याने हँडलला किंवा पुढच्या काचेच्या चौकटीला न बांधता, वाकून, खालच्या मूळ सांगाड्याला बांधला. तीन चाकांच्या वाहनास ही काळजी विशेष घ्यावी लागते. घरातील तिवई आठवून पाहा. जमीन उंचसखल असली तरी तिवई डगमगत नाही. हा तिचा गुण. पण दोन पायांच्या मधल्या कडेवर भार दिला की ती चटकन कलंडते. हा तिचा दोष. रिक्षाही तशीच आहे. पुढे एकच चाक असल्यामुळे पुढील दोन्ही कोपऱ्यांना आधार नाही. वळणावर दोराची ओढ आडवी बसली, किंवा वळता वळता जोराने ब्रेक दाबला, तर तिचा भार नेमका त्या निराधार कोपऱ्याकडे झुकतो. दोर जितका उंच बांधावा, तितकी कलंडण्याची भीती अधिक.

गियर न्यूट्रलमध्ये टाकून आणि मागचा दिवा लावून आम्ही निघालो. मी टेंपोत चालकाशेजारी बसलो. ओढल्या जाणाऱ्या गाडीत चालकाखेरीज कोणी बसू नये, असे त्याचे म्हणणे पडले. दोन गाड्यांत पाच मीटरांहून जास्त अंतर असू नये आणि वेग ताशी पंचवीस किलोमीटरांच्या आतच असावा, हे त्याने मला सांगितले. तेव्हा माझ्यातला शिक्षक जागा झाला आणि मी मनाशी गणित मांडले. तुम्हीही मांडून पाहा. ताशी पंचवीस किलोमीटर म्हणजे दर सेकंदास जवळजवळ सात मीटर. पुढची गाडी थांबू लागली हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत माणसाला पाऊण ते एक सेकंद लागतो. तेवढ्या वेळात मागची गाडी पाच ते सात मीटर पुढे आलेली असते. आणि दोर तर पाचच मीटरांचा! मग तो लांब का ठेवू नये? लांब दोर जमिनीवर लोळतो, चाकाखाली सापडतो. शिवाय वळणावर मागची गाडी आतल्या बाजूला फार ओढली जाते. तेव्हा दोर आखूडच हवा, आणि उणे पडणारे अंतर वेग आणखी कमी करून व आगाऊ इशारा देऊन भरून काढले पाहिजे. टेंपोवाला ब्रेक दाबण्यापूर्वी दर वेळी हात बाहेर काढून खाली-वर हलवीत असे. मागच्या तरुणाला त्याने बजावले होते, "दोर सैल पडला की ब्रेकवर हलका पाय ठेव. दोर कायम ताठ दिसला पाहिजे."

शहरात रिक्षावाले याहून एक वेगळीच युक्ती करतात. मागचा रिक्षावाला आपला पाय बाहेर काढून बंद रिक्षाला टेकवतो आणि तिला ढकलत नेतो. त्यात दोर नाही, गाठी नाहीत. मुलांना ती मोठी गंमत वाटते. पण दोन गाड्यांच्या मध्ये असतो तो माणसाचा पाय. पुढच्याने अचानक ब्रेक दाबला, तर तो धक्का पायाच्या हाडालाच सोसावा लागतो. मला हा प्रकार कधीच आवडलेला नाही.

दिवे घाटाच्या माथ्यावर येताच टेंपो थांबला. येथून रस्ता वळणे घेत खाली उतरतो. टेंपोवाला म्हणाला, "मास्तर, आता दोर चालायचा नाही."

तरुण काकुळतीला आला. "काका, हळूहळू नेलंत तर काय होतंय? उद्याची कमाई बुडेल माझी."

"चढाला दोर ओढतो, उताराला कोण ओढणार? तुझी गाडी आपसूक धावणार माझ्यावर. दोर पडणार तुझ्याच पुढच्या चाकाखाली."

त्याचे म्हणणे बिनतोड होते. उतारावर मागची गाडी स्वतःच्या वजनाने घसरते. तिला आवरण्याचे सारे काम तिच्या ब्रेकवर येते, आणि दोर नुसता लोंबत राहतो. तो पुढच्या एकुलत्या एका चाकात गुंतला, तर गाडी वळवताही येत नाही. अशा जागी गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून, सांगाड्याला चारी बाजूंनी पट्टे आवळूनच नेली पाहिजे. त्या अंधारात फळ्या नव्हत्या आणि चार माणसेही नव्हती.

तरुण बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने रस्त्याच्या कडेचे दोन मोठे दगड आणून चाकांना उटी लावली आणि दोर सोडण्यासाठी वाकला. दगड आधी आणि दोर मागून, हा क्रम त्याने न सांगता पाळलेला पाहून टेंपोवाल्याने मान हलवली. रिक्षा चहाच्या एका टपरीपाशी ठेवून आम्ही तिघे टेंपोने घाट उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टेंपोत फळ्या घालून दोघेही पुन्हा वर गेले.