भौतिकशास्त्रज्ञ होण्याची वाट

नागपूरच्या रामदासपेठेत जागोजागी डॉक्टरांच्या पाट्या दिसतात. उपचारासाठी गावाहून आलेल्या पालकाला त्या पाहून मुलाच्या भवितव्याचे एक चित्र डोळ्यांसमोर आणता येते. भौतिकशास्त्रज्ञाची पाटी मात्र कोठेच लागत नाही. या शास्त्रावर उदरनिर्वाह होतो काय, हे ग्रामीण भागातील हुशार विद्यार्थ्याला बहुधा कोणी सांगतच नाही.

चंद्रशेखर वेंकट रामन यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. संशोधनावर चरितार्थ चालण्याजोगी परिस्थिती देशात नसल्याने १९०७ साली ते वित्त खात्यात दाखल झाले. कलकत्ता व रंगूननंतर १९१० च्या सुमारास त्यांची बदली नागपुरास झाली. १९१७ मध्ये चांगल्या पगाराची ही नोकरी सोडून त्यांनी कलकत्ता विद्यापीठातील प्राध्यापकपद पत्करले. १९२८ चा शोध व १९३० चे नोबेल पारितोषिक हे त्यानंतरचे यश होय.

आज वाट अधिक सरळ आहे; पण तिच्यावर तीन वळणे आहेत. पहिले अकरावीचे. वैद्यकीय प्रवेशाच्या आशेने गणित सोडल्यास या शास्त्राची दारे बहुतांशी बंद होतात. बारावीनंतर जवळच्या महाविद्यालयात, १९०६ साली स्थापन झालेल्या नागपूरच्या विज्ञान संस्थेत, किंवा प्रवेश परीक्षा देऊन पुण्याच्या ‘आयसर’मध्ये शिकता येते. दुसरे वळण पदवीच्या अखेरच्या वर्षाचे. त्या वेळी ‘जॅम’ परीक्षा दिल्यास आय.आय.टी.मध्ये एम.एस्सी.ला प्रवेश मिळू शकतो. तिसरे वळण ‘नेट’ परीक्षेचे. तीत कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळविणाऱ्यास पीएच.डी. करताना जानेवारी २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये व दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये मिळतात. संशोधनाची वर्षे म्हणजे घरावर भार, ही समजूत म्हणूनच सर्वस्वी खरी नाही.

तथापि बारावीनंतर नऊ-दहा वर्षांचा धीर धरावा लागतो आणि संशोधनसंस्थांतील जागा मोजक्याच असतात, हेही पालकांस स्पष्ट सांगितले पाहिजे. मात्र संशोधनाखेरीज अध्यापनाचे क्षेत्र आहेच. शिवाय कर्करोगावर किरणोपचार देणाऱ्या रुग्णालयात किरणांची मात्रा मोजण्यासाठी वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ असावाच लागतो. त्यासाठी एम.एस्सी.नंतर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पदविका अभ्यासक्रम आहे.

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण उभी आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेस २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. अशा प्रकल्पांसाठी जमीन आपल्या गावांची जाते. तेथे गावची मुले केवळ पहारेकरी म्हणून राहणार की शास्त्रज्ञ म्हणून, याचा निर्णय पुष्कळदा अकरावीच्या प्रवेश अर्जावरच होतो. तो अर्ज भरण्यापूर्वी शिक्षकांनी पालकांशी अर्धा तास बोलावे आणि ग्रामपंचायतीने या परीक्षांच्या तारखा सूचना फलकावर लावाव्यात. यास वेगळ्या अनुदानाची गरज नाही.