हजेरीपटावरची नावे

आमच्याकडे थोर कलावंताचे नाव उच्चारण्यापूर्वी कानाच्या पाळीला हात लावण्याची चाल आहे. मी लहान असताना नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला षड्ज लावायला शिकवले त्याच्याही आधी ही चाल शिकवली. नाना बडोदे संस्थानच्या कलावंत कारखान्यात नोकरीला होते. १९४९ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले तेव्हा ते ऐन पंचविशीत होते. मी त्यांच्या उतारवयातला. लोक त्यांना ‘दरबारी गवई’ म्हणत, तेव्हा माझी छाती फुगत असे. ते स्वतः मात्र हसून म्हणत, “अरे, आम्ही हजेरीपटावरची माणसं. वेळेवर जायचं, सांगितलं ते गायचं, पगार घ्यायचा. चाकर माणसाचं नाव कोण घेतो?”

हे वाक्य मला अंदमानात आठवले.

दोन वर्षांपूर्वी गावातल्या मंडळींबरोबर मी पोर्ट ब्लेअरला गेलो होतो. (२०२४ साली त्या शहराचे नाव श्रीविजयपुरम् झाले.) मराठी माणूस तिथे कशासाठी जातो हे सांगायला नको. सावरकरांची कोठडी पाहिली, सर्वांनी हात जोडले, माझ्या विद्यार्थ्यांनी एक पद म्हटले. सात भुजांपैकी तीनच आज उभ्या आहेत. त्यांच्या लांबच लांब ओसऱ्यांत स्वर असा घुमतो की, तंबोरा नाही याची खंतच राहू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय मोकळे करायला निघालो, तो एका गुरुद्वारातून कीर्तन ऐकू आले. गवयाचा पाय तिथे थांबायचाच. गुरुद्वाराला नाव होते डॉक्टर दिवाणसिंगांचे. हे कोण, म्हणून तिथल्या एका वृद्ध सरदारजींना विचारले. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “आपण काल जेल पाहिलात ना? मग तिथेच त्यांची भेट व्हायला हवी होती.”

दिवाणसिंग सरकारी डॉक्टर. १९२७ साली बदली होऊन ते या बेटावर आले. पंजाबीत मुक्तछंदात लिहिणारे ते कवी. ‘वगदे पाणी’ हा त्यांचा संग्रह १९३८ चा. हा गुरुद्वाराही त्यांच्याच पुढाकाराने उभा राहिला. २३ मार्च १९४२ रोजी जपानी फौजा पोर्ट ब्लेअरला उतरल्या. इंग्रजांची बहुतेक माणसे आधीच निघून गेली होती. मागे राहिलेले मुख्य आयुक्त वॉटरफॉल कैद झाले; मेजर बर्ड या अधिकाऱ्याला हेर ठरवून ठार मारण्यात आले. पण दवाखाने, पोलीसठाणी, कचेऱ्या चालवणारे आपले लोक कुठे जाणार? रोगी होते तिथेच डॉक्टर राहिले. नव्या अमलात हिंदी स्वातंत्र्य संघाच्या तिथल्या शाखेची धुराही दिवाणसिंगांच्याच खांद्यावर आली.

पुढे समुद्रात जपानी जहाजे बुडू लागली आणि राज्यकर्त्यांना जिकडेतिकडे हेर दिसू लागले. खरे हेर कुठे होते ते आज ठाऊक आहे. पोर्ट ब्लेअरचेच पूर्वीचे पोलीस अधिकारी मेजर मॅकार्थी १९४३ च्या जानेवारीत पाणबुडीतून गुपचूप उतरले होते आणि आपल्या तुकडीसह जंगलात वावरत होते. पकडले गेले ते मात्र गावातले कारकून, पोलीस, डॉक्टर, शिक्षक. पोलीस खात्यातल्या नारायण रावांसारखी माणसे त्या पहिल्याच लाटेत गेली. ज्या तुरुंगाच्या व्यवस्थेवर इंग्रज सरकारने आपले नोकर नेमले होते, त्याच तुरुंगाच्या कोठड्यांत आता सरकारी नोकर कोंडले गेले.

ऑक्टोबर १९४३ मध्ये दिवाणसिंगांना अटक झाली. हेरगिरीची कबुली द्यावी म्हणून त्यांचा सुमारे ऐंशी दिवस छळ चालला. त्याचे वर्णन मी इथे करीत नाही; ऐकतानाच मला बसवेना. कबुली त्यांनी दिली नाही.

वाचकहो, आता तारखा नीट पाहा. डिसेंबरच्या अखेरीस नेताजी सुभाषबाबू पोर्ट ब्लेअरला आले. ३० डिसेंबर १९४३ रोजी त्यांनी तिथे तिरंगा फडकवला. त्या दिवशी दिवाणसिंग त्याच गावात, तुरुंगाच्या भिंतींआड होते. १४ जानेवारी १९४४ ला त्यांनी देह ठेवला. तेव्हा ते चाळिशीत होते, म्हणजे माझ्याच वयाचे. आणि ध्वजारोहणाला बरोबर एक महिना झाला त्या दिवशी, ३० जानेवारीला, हमफ्रेगंज येथे ४४ हिंदी माणसांना गोळ्या घालण्यात आल्या. तिथे आता स्मारक आहे. आमच्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत ते नव्हते.

या विसराचे कारण काय असावे? ते शिपाई नव्हते, म्हणून युद्धाच्या कथेत बसत नाहीत. इंग्रजांच्या नोकरीत होते, म्हणून क्रांतिकारकांच्या पंक्तीत बसत नाहीत. आणि ज्यांनी त्यांना मारले, त्यांच्याच साहाय्याने आपला झेंडा तिथे लागला होता. ती गोष्ट सांगताना जीभ अडखळते. पण नेताजींचे मोठेपण आणि या माणसांचे मरण, दोन्ही खरी आहेत. एकाच मैफलीत दोन राग होतात. एकाने दुसऱ्याला खोटे पाडायचे कारण नाही. सावरकरांच्या कोठडीपुढे जोडलेले हात आणखी चार पावले पुढे जाऊन जोडले, तर पहिल्या नमस्काराचे पुण्य काही उणे होत नाही.

मी स्वतः वर्षानुवर्षे मुलांकडून अंदमानाची गाणी बसवून घेतली. हे दुसरे पान मला ठाऊकच नव्हते. दोष कुणाला देऊ? मीही कधी विचारले नव्हते.

निघायच्या दिवशी पुन्हा तुरुंगाशी गेलो. पाडलेल्या भुजांच्या जागी आज सरकारी रुग्णालय उभे आहे. पाळी बदलण्याची वेळ होती. परिचारिका, मलमपट्टी करणारे, औषधे देणारे लगबगीने आत जात होते. सगळी हजेरीपटावरची माणसे. डॉक्टरसाहेबांना याहून योग्य स्मारक मला सुचले नसते. मात्र आत जाणाऱ्यांना ते ठाऊक असावे, एवढेच वाटले.

घरी आल्यावर ३० जानेवारीला गायनवर्गात गांधीजींचे भजन झाल्यावर मुलांना थांबवून ही हकीकत सांगितली. दिवाणसिंगांचे नाव घेताना माझा हात आपोआप कानाच्या पाळीकडे गेला. एका मुलीने विचारले, “सर, ते गात होते का?”

म्हटले, “नाही. नोकरी करत होते.”

नाना असते तर त्यांना काय वाटले असते, कोण जाणे. भिंतीवरच्या त्यांच्या तसबिरीकडे पाहून मी पुन्हा कानाला हात लावला.