लस टोचली, तरी पिलू का दगावले?

एका कुत्रीला चार पिले झाली. पिले दीड महिन्याची झाल्यावर चौघांनाही एकाच दिवशी, एकाच प्रकारची लस टोचली. पुढच्या तीन आठवड्यांत त्यांतील दोघांना उलट्या व रक्ताचे जुलाब सुरू झाले आणि एक पिलू दगावले. उरलेली दोन मात्र ठणठणीत राहिली. पिलू विकत नेणारा म्हणू लागला, "रोगट पिलू गळ्यात मारले!" विकणारा म्हणाला, "डॉक्टरांची लसच वाईट होती." आणि डॉक्टरांनी विचारले, "पुढचे डोस होईपर्यंत पिलू बाहेर का फिरवले?"

असे तंटे जनावरांच्या दवाखान्यात नेहमी होतात. पण कोणीही लबाडी केलेली नसताना, लस उत्तम असतानाही असे घडू शकते. त्यामागे एक साधे गणित आहे. ते समजले म्हणजे पिलू पाळणारा, विकणारा आणि पशुवैद्य या तिघांची कामे कोणती, हेही आपोआप कळते.

रोग कोणता?

लहान पिलांना होणारा हा रोग 'पार्वो' या नावाने ओळखला जातो. तो एका अतिशय सूक्ष्म विषाणूमुळे होतो. १९७८ पूर्वी हा रोग कुत्र्यांच्या डॉक्टरांना माहीत नव्हता. त्या वर्षी तो एकाएकी अनेक देशांत दिसू लागला. मांजरांना होणाऱ्या अशाच एका रोगाच्या विषाणूशी याचे जवळचे नाते आहे. १९८०च्या दशकाच्या आरंभी भारतातही त्याची नोंद झाली.

या विषाणूला वाढण्यासाठी झपाट्याने विभागणाऱ्या पेशी लागतात. पिलाच्या शरीरात अशा पेशी प्रामुख्याने दोन ठिकाणी सापडतात. एक म्हणजे आतड्याचे अस्तर आणि दुसरे म्हणजे हाडांतील मज्जा. आतड्याचे अस्तर सोलवटून निघाले की रक्ताचे जुलाब होतात व शरीरातील पाणी भराभर कमी होते. मज्जा बिघडली की रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. म्हणजे शत्रू आत शिरतो तो पहारेकऱ्यांना निःशस्त्र करूनच! शिवाय हा विषाणू मोठा चिवट आहे. रोगी कुत्र्याच्या विष्ठेतून तो बाहेर पडतो व जमिनीवर, चपलांच्या तळव्यांना, भांड्यांना चिकटून महिनोन् महिने टिकतो.

पहिले चोवीस तास

गाय व्याल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांच्या दुधाला आपण चीक म्हणतो आणि त्याचा खरवस आवडीने खातो. हा चीक खरे म्हणजे वासराचे पहिले संरक्षण असते. त्यात आईच्या रक्तातील प्रतिपिंडे ओतप्रोत भरलेली असतात. प्रतिपिंडे म्हणजे विशिष्ट रोगजंतूंना ओळखून निकामी करणारी प्रथिने.

कुत्रीच्या पिलाचेही तसेच आहे. आईच्या गर्भाशयात असताना वारेतून त्याला प्रतिपिंडांचा फार थोडा वाटा मिळतो. बाकीचा जवळजवळ सगळा साठा चिकातूनच मिळतो. मात्र त्याला वेळेची मोठी अट असते. नवजात पिलाचे आतडे ही मोठी प्रथिने न पचवता जशीच्या तशी रक्तात घेऊ शकते, पण ते जन्मानंतर सुमारे २४ तासच. त्यातही पहिल्या काही तासांत हे काम सर्वांत चांगले होते. पुढे हे दार बंद होते. मग कितीही दूध पाजले, तरी त्यातील प्रतिपिंडे रक्तात जात नाहीत.

म्हणून पिले झाल्यावर प्रत्येक पिलू आचळाला लागले की नाही, हे पाहणे पाळणाऱ्याचे पहिले काम. अशक्त पिलाला धष्टपुष्ट भावंडे ढकलून देतात. नवजात पिलाला स्वतःचे अंग गरम राखता येत नाही. ते गारठले तर चोखण्याची शक्तीच जाते. तेव्हा त्याला आधी ऊब द्यावी आणि मग आईजवळ लावावे. रोज एकाच वेळी प्रत्येकाचे वजन करून वहीत लिहावे. निरोगी पिलाचे वजन साधारण ८ ते १० दिवसांत दुप्पट होते. वजन वाढत नसेल तर ते आजाराचे पहिले चिन्ह समजावे, कारण इतर लक्षणे त्यामागून येतात.

आईने दिलेली शिदोरी

चिकातून मिळालेली प्रतिपिंडे ही शिदोरीसारखी असतात. पिलाला ती स्वतः तयार करता आलेली नसतात, त्यामुळे ती हळूहळू संपतात. पार्वोविरुद्धची प्रतिपिंडे सुमारे १० दिवसांनी निम्मी होतात. किरणोत्सारी पदार्थांचा अर्धायुकाल आपण शाळेत शिकतो, तसाच हा प्रकार.

आता एक उदाहरण घेऊ. मोती व वाघ्या ही एकाच वेतातील पिले, आणि चंपी ही दुसऱ्या कुत्रीची. जन्मानंतर मोतीच्या रक्तात ३२०, वाघ्याच्या रक्तात १२८० आणि चंपीच्या रक्तात ५१२० एकके प्रतिपिंडे आहेत असे समजा. ८० किंवा अधिक एकके असतील, तर रोगापासून संरक्षण मिळते असे धरू. दर १० दिवसांनी संख्या निम्मी करत गेलो की असे दिसेल :

२०व्या दिवशी : मोती ८०, वाघ्या ३२०, चंपी १२८०
४०व्या दिवशी : मोती २०, वाघ्या ८०, चंपी ३२०
६०व्या दिवशी : मोती ५, वाघ्या २०, चंपी ८०
८०व्या दिवशी : मोती १ च्या आसपास, वाघ्या ५, चंपी २०

म्हणजे मोतीचे संरक्षण २०व्या दिवशी संपले, वाघ्याचे ४०व्या आणि चंपीचे ६०व्या.

मग त्याच दिवशी लस टोचावी, असे कोणीही म्हणेल. पण येथेच खरी अडचण आहे. पार्वोच्या नेहमीच्या लशीत जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो शरीरात थोडा वाढला, तरच पिलाचे शरीर त्याच्याविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडे तयार करायला शिकते. आईच्या प्रतिपिंडांना मात्र लशीतला विषाणू आणि रोगाचा विषाणू यांतला फरक कळत नाही. ती लशीलाही निकामी करून टाकतात. लशीतला विषाणू दुबळा असल्याने त्याला रोखायला थोडी प्रतिपिंडेही पुरतात. आपल्या उदाहरणात ती २० एककांपर्यंत उतरल्यावरच लस लागू पडते असे धरू.

म्हणजे ८० पासून २० पर्यंत उतरण्याच्या काळात आईची शिदोरी रोगाला अडवण्याइतकी उरलेली नसते, पण लशीला अडवण्याइतकी मात्र असते! दोनदा निम्मे व्हायला २० दिवस लागतात. हे वीस दिवस प्रत्येक पिलाच्या वाट्याला येतात. मोतीला ते २०व्या ते ४०व्या दिवसांत, वाघ्याला ४०व्या ते ६०व्या, तर चंपीला ६०व्या ते ८०व्या दिवसांत. या काळाला आपण 'उघडा काळ' म्हणू.

आता सुरुवातीचे कोडे सुटते. समजा तिघांनाही ४५व्या दिवशी लस टोचली. मोतीला ती लागू पडली. वाघ्याला लागू पडली नाही, आणि रोगाला मात्र तो उघडा होता. चंपीलाही लस लागू पडली नाही. तिची शिदोरी शिल्लक असल्याने ती तेव्हा सुरक्षित दिसली, पण पुढचे डोस चुकवले तर ६०व्या दिवसानंतर तीही उघडी पडणार. एकच लस, एकच दिवस, आणि तिघांची तऱ्हा तीन प्रकारची!

तीन-चार डोस कशासाठी?

प्रत्येक पिलाच्या रक्तात किती प्रतिपिंडे आहेत हे नुसते पाहून कळत नाही. तेव्हा उघडा काळ केव्हा संपेल ते नक्की सांगता येत नाही. म्हणून पशुवैद्य ६ ते ८ आठवड्यांच्या वयात पहिला डोस देतात, दर २ ते ४ आठवड्यांनी पुढचा देतात, आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर पडेल असे पाहतात. पाळीव प्राण्यांच्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेचा सल्लाही असाच आहे. त्यानंतर सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या सुमारास आणखी एक डोस देतात.

"डॉक्टर पैशासाठी पुनःपुन्हा बोलावतात," असे काहींना वाटते. पण आपले कोष्टक पुन्हा पाहा. यांतील कोणता डोस लागू पडेल हे माहीत नसते, म्हणूनच सगळे द्यावे लागतात. डोस पूर्ण होईपर्यंत पिलाला जेथे अनोळखी कुत्री फिरतात अशा जमिनीवर सोडू नये. लस लागू पडली तरी संरक्षण उभे राहायला काही दिवस जातात. रोगाची लक्षणे तर लागण झाल्यावर साधारण ३ ते ७ दिवसांनी दिसतात. म्हणून लस टोचल्यावर दोनच दिवसांत पिलू आजारी पडले, तर रोग बहुधा आधीच शिरलेला होता असे समजावे.

रेबीजची लस याहून वेगळी. ती साधारणपणे तीन महिन्यांच्या वयानंतर देतात. "एवढेसे पिलू, त्याला कसला रेबीज!" हा समज घातक आहे. कोणत्याही वयाचे पिलू चावले किंवा त्याने ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी व त्वरित दवाखाना गाठावा.

पिले विकणाऱ्याची जबाबदारी

पिलू जितके लहान तितके गोजिरवाणे, म्हणून काही जण महिन्या-सव्वा महिन्याची पिलेच विकायला काढतात. म्हणजे बऱ्याच पिलांच्या उघड्या काळातच त्यांना आईपासून तोडले जाते, टोपलीत कोंबून प्रवास घडवला जातो, आणि अनेक कुत्र्यांच्या सहवासात ठेवले जाते. भावंडांशी खेळताना किती जोराने चावायचे नाही हे पिलू शिकत असते. तो धडाही अर्धवट राहतो.

भारतात २०१७ साली कुत्र्यांची पैदास व विक्री यांसाठी केंद्र सरकारने नियम केले. त्यांनुसार पैदास करणाऱ्याने नोंदणी करावी लागते. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिलू विकता येत नाही. कुत्री दीड वर्षाची होण्यापूर्वी तिच्यापासून पिले घेता येत नाहीत. वर्षात एकाहून अधिक वेत नको आणि जन्मभरात पाचांहून अधिक नकोत, अशीही अट आहे. हे नियम केवळ भूतदयेपोटी नाहीत. वारंवार व्यालेल्या, खंगलेल्या आईचे दूध पिलांना पुरत नाही.

जबाबदार माणसाचे काम पिले होण्याच्या आधीच सुरू होते. कुत्रीच्या लशी गाभण राहण्यापूर्वी पूर्ण कराव्यात, कारण आईच्या रक्तात जे नाही ते चिकात कोठून येणार? जंतांचेही तसेच. कुत्रीच्या पोटातील गोल जंतांच्या अळ्या तिच्या स्नायूंत निपचित पडून असतात. गाभणपणाच्या शेवटच्या काळात त्या जाग्या होतात व वारेतून पिलांत शिरतात. त्यामुळे स्वच्छ घरात जन्मलेल्या पिलालाही जंत असू शकतात. म्हणून पिलू दोन आठवड्यांचे झाल्यापासून दोन महिन्यांचे होईपर्यंत, दर दोन आठवड्यांनी, वजनाप्रमाणे जंताचे औषध देतात. औषध व मात्रा पशुवैद्यांनीच ठरवावी. या जंतांची अंडी मातीतून मुलांच्या पोटात गेली, तर अळ्या डोळ्यापर्यंतही पोहोचू शकतात. पिलाची विष्ठा रोज उचलणे आणि खेळून झाल्यावर हात धुणे हा त्यावरचा साधा उपाय.

पशुवैद्यांकडे जाताना

पिलू बोलत नाही. त्याच्या वतीने आपणच नेमके बोलले पाहिजे. "कालपासून बरे नाही" एवढ्याने भागत नाही. जन्मतारीख, वजनाची वही, लशींचे कार्ड व जंताच्या औषधाच्या तारखा सोबत न्याव्यात. शेवटचे केव्हा खाल्ले, उलटी किती वेळा झाली, विष्ठेचा रंग कसा होता, हे सांगावे. स्वच्छ डबीत थोडी विष्ठा नेली तर सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी तपासता येतात. पार्वोचा संशय असेल तर तसे आधीच कळवावे आणि पिलाला दवाखान्यातील जमिनीवर ठेवू नये. तेथे दुसरीही पिले येतात.

घरातील माणसांच्या वेदनाशामक गोळ्या पिलाला कधीही देऊ नयेत. त्यांतील काही कुत्र्यांना विषारी ठरतात. पार्वोमध्ये मुख्य उपचार म्हणजे शरीरातून गेलेले पाणी व क्षार सलाइनवाटे भरून काढणे. वेळेवर असा उपचार झाला तर बहुतेक पिले वाचतात. उपचाराविना बहुतेक दगावतात. म्हणून "उद्या पाहू" म्हणण्यात जीव जातो.

लस टोचताना बाटलीवरील चिठ्ठी कार्डावर चिकटवून घ्यावी. तीवर लशीचा गट क्रमांक असतो. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवलेली होती का, हेही नम्रपणे विचारावे. चांगल्या डॉक्टरांना अशा प्रश्नांचा राग येत नाही. एकाच गट क्रमांकाची लस घेतलेली अनेक वेतांतील पिले आजारी पडली, तर लशीवर संशय घेता येतो. एकाच वेतातील काही आजारी पडली आणि काही वाचली, तर आधी आपले वरचे गणित आठवावे. पुरावा हाती असला म्हणजे भांडणाची जागा तपासणी घेते.

ज्या घरात पार्वो झाला तेथे आधी सगळी घाण धुऊन काढावी. मग एक भाग ब्लीचचे द्रावण व ३० भाग पाणी यांच्या मिश्रणाने फरशी ओली करून निदान १० मिनिटे तशीच ठेवावी. नुसत्या साबणाने हा विषाणू मरत नाही. तेथे नवे, लस पूर्ण न झालेले पिलू लगेच आणू नये.

करून पाहा

आलेख कागदावर आडव्या अक्षावर दिवस व उभ्या अक्षावर एकके घेऊन मोती, वाघ्या व चंपी यांच्या रेषा काढा. ८० व २० या ठिकाणी दोन आडव्या रेषा ओढा व प्रत्येकाचा उघडा काळ रंगवा. आता ६, ९, १२ व १६ आठवड्यांच्या जागी उभ्या रेषा काढा. कोणाला कितवा डोस लागू पडला? जन्मतः २०,४८० एकके असलेल्या पिलाला कितवा लागू पडेल? आणि ज्याला पहिल्या दिवशी चीक मिळालाच नाही, त्याची रेषा कोठून सुरू होईल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर काढल्यावर, ते पिलू कोठे व कसे ठेवले पाहिजे याची वर्गात चर्चा करा.